शाळेच्या बँडपथकात तुम्ही काय वाजवायचात? (अनुभव धागा)

जुलै लागला की आमच्या घरामागच्या शाळेतून सकाळी सव्वासातला साइड ड्रम ऐकू यायला लागतो. पंधरा ऑगस्टची तालीम. पोरं नवी आहेत, डावा हात अजून जड आहे, त्यामुळे रोल (दोन्ही काड्यांनी सलग घुमवलेले झपझप ठोके) मधेच लंगडतो. मी चहा घेऊन खिडकीत उभा राहतो आणि डावा पाय आपोआप ठेक्यावर पडायला लागतो.

मी 1988 ते 1991 अशी तीन वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत बिगुल वाजवला. बिगुलाला ना कळ, ना बासरीसारखी भोकं. ओठ जितके आवळाल तितका सूर वर चढतो आणि कामाचे सूर सगळे मिळून पाचच: सा, प, वरचा सा, त्यापुढचा ग आणि प. एवढ्यावर सलामीही आणि संचलनही. पहिले तीन आठवडे माझ्या बिगुलातून नुसती हवा आली. मग सर म्हणाले, "फुंकू नकोस. जिभेच्या टोकाला तीळ चिकटलाय असं समज आणि तो थुंकून टाक." त्या दिवशी पहिला प लागला. ओठ सुजले, दोन दिवस आमटी झोंबली, पण प लागला.

आमची सगळी वाद्यं मेरठहून आलेली. पावसाळी सकाळी पितळ गार पडलं की सूर उतरतो. म्हणून सर प्रत्येकाला आपापला माउथपीस काढून मुठीत धरायला लावायचे. झेंड्याची गाठ सुटायच्या आधी सहा मुठी उघडायच्या, सहा माउथपीस बिगुलात बसायचे. ते ऊबदार पितळ ओठांना लागायचं, ते मला अजून आठवतं.

तुम्ही काय वाजवायचात? कुणी शिकवलं? सविस्तर लिहा.

साइड ड्रम, अकोला

आमच्या शाळेत मुलींना त्रिकोण नाहीतर झांजा मिळायच्या. ड्रम जड असतो, हे कारण. 1995 साली आठवीत असताना मी रोज तालमीला जाऊन नुसती उभी राहायचे. शेवटी एक मुलगा काविळीने आजारी पडला आणि त्याचा ड्रम माझ्या गळ्यात आला.

ड्रम खरंच जड असतो. पट्ट्यावर डावीकडे लटकतो आणि प्रत्येक पावलाला डाव्या मांडीवर आपटतो. महिनाभर माझी मांडी काळीनिळी होती. आई रात्री आंबेहळद उगाळून लावायची आणि 'सोडून दे' असं एकदाही म्हणाली नाही. सराव उशीवर करायचा. उशीवर काडी उसळत नाही, सगळं काम मनगटाला करावं लागतं. उजव्या हाताने काडी नेहमीसारखी धरायची, डावा हात मात्र उताणा, काडी अंगठ्याच्या बेचक्यात. दोन ठोके एका हाताचे, दोन दुसऱ्याचे. सर तोंडाने 'डॅडी-मम्मी, डॅडी-मम्मी' म्हणायला लावायचे. तोंडाचा वेग वाढला की हातांचा वाढतो.

राष्ट्रगीताआधीच्या रोलबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण बऱ्याच शाळांत तो कसाही उरकतात. त्याचा नियम आहे. संथ चालीची सात पावलं पडतील एवढाच तो वाजवायचा. हळू सुरू करायचा, होईल तितका मोठा करायचा, मग उतरवत न्यायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत तो ऐकू आला पाहिजे. मग एक ठोका पूर्ण शांतता आणि त्यानंतर 'जन गण मन'. नववीत हा रोल मी एकटीने वाजवला. त्या एका ठोक्यात सगळं मैदान गप्प असायचं, फक्त झेंड्याची दोरी खांबावर टकटक वाजायची. पुढची 52 सेकंदं सगळ्या शाळेची असायची, तो एक ठोका मात्र माझा होता.

बास ड्रम, सोलापूर

बास ड्रम छातीवर चढवला की समोरचं काही दिसत नाही. शेजारच्याच्या खांद्याकडे बघत चालायचं आणि डाव्या पावलावर टोला द्यायचा. सगळं पथक त्या टोल्यावर पाय टाकतं, म्हणून चूक करायला जागा नसते.

आमच्या घरी पांढऱ्या बुटांचे पैसे नव्हते. चुलतभावाचे दोन नंबर मोठे बूट कागद कोंबून घातले होते. प्रमुख पाहुण्यांसमोर 'दाहिने देख' झालं आणि उजवा बूट निघाला. थांबणं शक्य नव्हतं. पुढचं सगळं संचलन मी एका बुटावर केलं. मागचा त्रिकोणवाला वाकला, बूट उचलून शर्टात कोंबला आणि ठोका न चुकवता वाजवत राहिला. संचलन संपल्यावर त्याने तो मला दिला. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. आजही दर दिवाळीला त्याचा पहिला फोन येतो.

शंख, यवतमाळ

आमच्याकडे बँड म्हणत नसत, घोष म्हणत. साइड ड्रम म्हणजे आनक, बास ड्रम म्हणजे पणव, बिगुल म्हणजे शंख, बासरी म्हणजे वंशी, झांजा म्हणजे झल्लरी आणि त्रिकोण म्हणजे त्रिभुज. मला वाटायचं, ही नावं कुणीतरी बसून घडवलेली असणार. पुढे गीतेच्या पाठांतरात पहिल्या अध्यायातला तेरावा श्लोक आला: ततः शङ्खाश्च भेर्यश्च पणवानकगोमुखाः. वर्गात मी एकदम ताठ बसलो. माझं वाद्य कुरुक्षेत्रावर वाजलं होतं!

बासरी, मुंबई

आमचे सर मूळचे गोव्याचे, पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सुरांचं लेखन-वाचन शिकवायची जुनी रीत होती आणि तिथून शिकलेले वादक पलटणींच्या नि पोलिसांच्या बँडमध्ये भरलेले असायचे. सर त्यांपैकीच. बाकीच्या शाळा कानाने शिकत होत्या. आम्हाला मात्र त्यांनी फळ्यावर पाच रेघा काढून नोटेशन वाचायला शिकवलं. वाचता आल्याशिवाय बासरी हातात नाही. वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी पेटीसुद्धा नव्हती, आणि ती मुलं कागदावरून सूर वाचत होती. शिवाजी पार्कला 1 मेचं संचलन बघायला सर आम्हाला घेऊन जायचे आणि पोलीस बँड जवळ आला की हळूच म्हणायचे, "क्लॅरिनेट ऐका." अशा शिक्षकांबद्दल कुणी लिहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आई, सॅन होजे

मी स्वतः काही वाजवलेलं नाही, पण माझा मुलगा दोन उन्हाळे इथे अमेरिकेत ड्रम कोरमध्ये, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या पितळी वाद्यं नि ड्रमच्या पथकात होता, म्हणून लिहिते. पाच सुरांचा बिगुल वाचून राहवलं नाही. इथलीही पथकं तशाच बिगुलांवर सुरू झाली. माजी सैनिकांच्या संघटना, चर्च, स्काउट यांनी मुलांसाठी काढलेली. हळूहळू बिगुलाला कळा आल्या आणि 2000 पासून कुठल्याही पट्टीची वाद्यं चालतात. 1972 पासून ड्रम कोर इंटरनॅशनल या संघटनेची अंतिम स्पर्धा (करोनाची दोन वर्षं सोडून) दर ऑगस्टला होते, आता ती इंडियानापोलिसला असते. वयाची मर्यादा असते. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी बाहेर पडावंच लागतं.

बारा मिनिटांच्या सादरीकरणासाठी मुलं उन्हाळाभर बसने फिरतात, रात्री प्रवास करतात आणि शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपतात. उठली की मैदानावर. प्रत्येकाजवळ छोटी वही असते, तिच्यात कुठल्या ठोक्याला मैदानाच्या कुठल्या रेघेपासून किती पावलांवर उभं राहायचं ते लिहिलेलं. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचं.

स्वयंपाक पालक करतात, ट्रकमध्ये. मी दोन आठवडे त्या ट्रकवर होते. दिवसाला चार जेवणं, शेवटचं रात्री स्पर्धेनंतर. पहिल्या दिवशी इतके कांदे चिरले की डोळे उघडेनात. एका संध्याकाळी मुलांना खिचडी केली. टेनेसीचा एक ट्युबावाला तीनदा आला आणि मला 'आई' म्हणायला लागला, कारण माझा मुलगा तसं म्हणतो. मुलाच्या शेवटच्या रात्री सगळी मुलं मैदानावर हेल्मेट काढून रडत होती. मी त्याची वही जपून ठेवली आहे. घामाने तिची पानं फुगली आहेत.

झांज, बेळगाव

कडक उन्हात झांजांच्या पट्ट्यांचं चामडं हाताला चावतं. एवढंच आठवतं, आणि ते छान होतं.

शिक्षिका, परभणी जिल्हा

धागा वाचून काल शाळेच्या अडगळीच्या खोलीतली ट्रंक उघडली. चार साइड ड्रम निघाले, त्यांतल्या दोघांची पानं फाटलेली. पाच बिगुल निघाले, चेपलेले, पण सरळ करून मिळतील. गावातल्या भांड्यांच्या कारागिराला दाखवले, तो हो म्हणाला. पथक बंद होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली आहेत. नाव द्यायला सातवी-आठवीची 22 मुलं-मुली आल्या. बिगुलांना माउथपीस मात्र एकही नाही. कुणाकडे जुना पडून असेल तर कळवाल का?

धागाकर्ता

ताई, माझ्याकडे एक आहे. शाळा सोडताना परत द्यायचा राहिला, तेव्हापासून कपाटात आहे. चिंचेने घासून ठेवतो. पत्ता निरोपात कळवा, उद्याच पाठवतो. आणि मुलांना तो तिळाचा उपाय नक्की सांगा.