मदत हवी आहे: प्रेसवर बोटं गेलेल्या ऑपरेटरला पुन्हा कामावर कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी प्रॉडक्शन बघतो. युनिट लहान आहे, कायम आणि कॉन्ट्रॅक्टचे मिळून चाळीसेक लोक. गाड्यांच्या सीटला लागणारे ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवतो. २०२४च्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या एका जुन्या ऑपरेटरचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. तर्जनीची दोन पेरं गेली आणि मधल्या बोटाचं टोकाचं पेर गेलं. नाव लिहीत नाही, इथे त्यांना दादा म्हणतो.

उपचार ईएसआयमधून (कामगार राज्य विमा योजनेतून) झाले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, घरी होते तोवरचे पैसेही मिळाले. आता डॉक्टरांनी कागद दिलाय. त्यावर मजकूर एवढाच: कामावर रुजू होण्यास योग्य. कोणत्या कामावर, किती वेळ, काय उचलायचं आणि काय नाही, काहीच नाही. डॉक्टरांनी आमची प्रेस कधी पाहिलेली नाही, आणि दादांचा हात आता काय काय करू शकतो हे आमच्याकडे कुणाला माहीत नाही. या दोघांना जोडणारा कागदच नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे.

मालक म्हणतात, "गेटवर बसवू. पगार थोडा कमी होईल, पण नोकरी तर राहील." त्यांच्या मनात वाईट नाही. पण दादांना नुसत्या आवाजावरून कळतं की पंच (पत्रा कापणारं हत्यार) बोथट झालाय आणि आता बर, म्हणजे कडेला खरखरीत कोर, येणार. डाय सेटिंगमध्ये, म्हणजे प्रेसवर साचा बसवून जुळवण्यात, आमच्याकडे त्यांचा हात धरणारा कोणी नाही. शिवाय गेटवर दिवसभर करायचं काय, तर रजिस्टर लिहायचं, गाडीचे नंबर, चलनाचे नंबर. तर्जनी नसलेल्या उजव्या हाताला पेन धरणं हेच सगळ्यात कठीण आहे! म्हणजे 'हलकं काम' म्हणून नेमकं तेच दिलं जातंय जे त्यांना जमणार नाही. दोन महिन्यांनी "बघा, गेटचंही जमलं नाही" असं म्हणायला सगळे मोकळे.

दादा स्वतः फारसं बोलत नाहीत. वहिनींकडून दोन गोष्टी कळल्या. एक, कामावर गेलो की ईएसआयचे दरमहा मिळणारे पैसे बंद होतील अशी त्यांना धास्ती आहे. दुसरी, घरी कुकरची शिट्टी अचानक वाजली तरी ते हात पोटाशी ओढून घेतात.

मला विचारायचं आहे ते असं. डॉक्टरांकडून नेमक्या मर्यादा लिहून कशा घ्यायच्या? सुरुवातीला अर्धा दिवस काम ठेवलं तर उरलेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोण देतं? पगार कमी करणं कायद्यात बसतं का? आणि कुणी आपल्या कारखान्यात अशी पद्धत बसवली असेल तर सुरुवात कुठून केली? आज दादा आहेत, पण प्रेस शॉप म्हटल्यावर हा प्रश्न पुन्हा येणार. प्रत्येक वेळी मालकाच्या दयेवर तो सुटावा असं मला वाटत नाही.

– प्रेसशॉपवाला

---

जुना युनियनवाला:

आधी त्यांची धास्ती घालवा. ईएसआयचे दोन लाभ वेगवेगळे आहेत आणि कारखान्यात नव्वद टक्के लोक त्यांची गल्लत करतात. बरं होईपर्यंत मिळतो तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के. कामावर गेलं की तो थांबतो, ते बरोबरच आहे. कायमच्या अपंगत्वाचा लाभ वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि तो आयुष्यभर चालू राहतो. माणूस नोकरी करून पूर्ण पगार घेत असला तरी तो बंद होत नाही.

ईएसआयच्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत बोटांचे टक्के दिलेले आहेत. तर्जनीची दोन पेरं ११, मधल्या बोटाचं एक पेर ७. बेरीज १८. समजा सरासरी रोज ६०० रुपये पडतो. त्याचे ९० टक्के ५४०, आणि त्याच्या १८ टक्के म्हणजे रोजचे ९७ रुपये २० पैसे. महिन्याला साधारण २,९०० रुपये. रक्कम मोठी नाही, पण ती त्यांच्या हक्काची आहे आणि कामावर येण्याशी तिचा काही संबंध नाही. हे त्यांना आकडे मांडून दाखवा, तोंडी सांगून विश्वास बसत नाही.

त्यांचं वैद्यकीय मंडळ झालंय का, हे तुम्ही लिहिलं नाही. झालं नसेल तर लगेच अर्ज करायला लावा, आणि कंपनीने अपघाताचा अहवाल ईएसआयकडे भरला होता ना, त्याची प्रत काढून ठेवा. टक्के कमी वाटले तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कामगार विमा न्यायालयात जाता येतं.

पगाराबद्दल. नोव्हेंबर २०२५मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत, ईएसआय कायद्याच्या ७३व्या कलमानुसार तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नव्हतं, पगार-दर्जाही खाली आणता येत नव्हता, आणि त्या काळात दिलेली तशी नोटीस ग्राह्य धरत नसत. लाभाचा काळ संपल्यावर मात्र हे कलम कामाला येत नसे. तरी पगार कमी करायचा तर औद्योगिक संबंध संहितेखाली (आधी औद्योगिक विवाद कायद्याचं ९-अ कलम होतं) २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि कामगार तिच्यावर वाद उभा करू शकतो. मालकांना हे शांतपणे सांगा. बहुतेकांना माहीतच नसतं.

---

नीलमोहर:

माझे काका सरकारी खात्यात होते. पायाला अपंगत्व आल्यावर त्यांना त्याच वेतनावर दुसरं पद दिलं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. ते इथे लागू होणार नाही का?

जुना युनियनवाला:

दुर्दैवाने नाही. २०व्या कलमातलं ते संरक्षण, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, तेच वेतन ठेवून दुसरं पद द्यायचं, हे सरकारी आस्थापनांपुरतं आहे. कुणाल सिंग यांच्या खटल्यातला २००३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुन्या १९९५च्या कायद्यावरचा, तोही सरकारी नोकरीतलाच. खाजगी कारखान्याला २१वं कलम मात्र लागू आहे: समान संधीचं धोरण करून ते जाहीर करायचं. वीस किंवा जास्त लोक असतील तर त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी देणार हे लिहावं लागतं आणि एक संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. प्रेसशॉपवाले, तुमच्याकडे चाळीस लोक आहेत. तुम्हाला जी पद्धत बसवायची आहे, तिला कागदावर जागा तिथेच आहे.

आणि एक, ईएसआयचे टक्के आणि दिव्यांग प्रमाणपत्राचे टक्के वेगळे. पहिले कमाईची क्षमता किती गेली ते सांगतात. एकाच्या भरवशावर दुसऱ्याचा हिशोब करू नका.

---

हातांची थेरपिस्ट:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हाताच्या दुखापतींवर काम करते. तुमचा पहिला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण बरेच रुग्ण आमच्याकडे कामाची काहीही माहिती न घेता येतात. "प्रेसवर काम करतो" एवढंच सांगतात.

तुम्ही एक पान लिहा. दादांच्या कामाचं नव्हे, तुमच्या शॉपमधल्या पाच-सहा कामांचं. प्रत्येकात किती किलो उचलावं लागतं, किती उंचीवरून, चिमटीत धरायचं की मुठीत, तासाला साधारण किती वेळा, पत्र्याची कड धारदार आहे का, तेल-कूलंट लागतं का, मशीन हादरतं का. व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजणं आणि गो-नो गो गेज (माप बरोबर आहे की नाही एवढंच सांगणारा ठोकळा) घालणं ही आपल्याला सारखीच वाटतात, पण व्हर्निअरला अंगठा आणि बोटाची बारीक चिमट लागते, गेज मुठीतही धरता येतो. ते पान घेऊन दादांना डॉक्टरांकडे पाठवा, आणि प्रत्येक कामापुढे 'चालेल', 'काही दिवसांनी', 'नको' असं लिहून मागा. रिकामा कागद पुढे केला तर डॉक्टर 'योग्य' एवढंच लिहिणार. भरलेल्या पानावर खूण करायला त्यांना दोन मिनिटं लागतात.

हाताबद्दल थोडं. कापलेल्या टोकाला बरेच महिने स्पर्श सहन होत नाही, थंडीत ठणकतं, गेलेलं बोट तिथेच असल्यासारखं वाटतं. यात नाटक काही नसतं, सुपरवायझरांना हे सांगून ठेवा. आधी कापूस, मग खरखरीत फडकं, मग तांदळाच्या भांड्यात हात फिरवणं, असं टप्प्याटप्प्याने त्या जागेला सवय लावतात. टोकाला वीज लागल्यासारखी कळ येत असेल तर मज्जातंतूची (नर्व्हची) गाठ असू शकते, ती सर्जननी बघायला हवी. तर्जनी गेली की मेंदू बरेचदा मधल्या बोटाला तिचं काम देतो. दादांचं मधलंही आखूड झालंय, म्हणून अंगठा आणि अनामिका यांच्या चिमटीचा सराव लागेल. जाड मुठीचं पेन, जाड मुठीचा डीबरिंग (बर काढायचा) चाकू, एवढ्यानेही खूप फरक पडतो. मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत हे सगळं पाहणारे लोक आहेत, जमल्यास एकदा दाखवा.

हात पोटाशी ओढून घेणं हेही दुखापतीचाच भाग आहे. "घाबरू नका" म्हणून ते जात नाही. पहिल्या दिवशी मशीन बंद असताना, सुटीच्या वेळी, त्यांना शॉपमध्ये फक्त फिरवून आणा. मग चालू शॉपमध्ये, पण लांबून. झोप उडाली असेल किंवा तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि ते शरमेचं नाही हे वहिनींनाही सांगा.

---

श्टुटगार्टकर:

इथे जर्मनीत बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून जास्त आजारपण झालं की कंपनीला कर्मचाऱ्याला बोलावून 'परत कसं येता येईल' ही चर्चा देऊ करावीच लागते. २००४पासून कायद्यातच आहे. शिवाय डॉक्टर पायऱ्या लिहून देतात: आधी रोज दोन तास, मग चार, मग सहा. त्या काळात माणूस कागदोपत्री आजारीच असतो, म्हणून पैसे विम्याकडून येतात, कंपनीवर बोजा नाही. माझ्या टीममधला एकजण असाच परत आला. पहिल्या आठवड्यात त्याने काम किती केलं हे कुणीही विचारलं नाही, फक्त संध्याकाळी हात कसा आहे ते विचारलं.

जुना युनियनवाला:

आपल्याकडे तीच अडचण आहे. ज्या दिवशी मजुरीवर काम केलं त्या दिवसाचा तात्पुरता लाभ मिळत नाही, मग काम दोन तास असो की आठ. म्हणजे अर्ध्या दिवसाची सोय कंपनीलाच सोसावी लागते. मालकांना सांगा, चार-सहा आठवडे अर्धा वेळ आणि पूर्ण पगार. नवा सेटर शोधायचा, शिकवायचा, तोवर स्क्रॅप सोसायचा, त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

---

टूलरूम:

दादा परत येण्याआधी ती प्रेस बघा. की-क्लचची असेल (फिरतं चाक शाफ्टशी 'की' नावाच्या खिळीने जोडणारी) आणि ती की झिजली किंवा तुटली तर पेडलवरून पाय काढल्यावरही दुसरा स्ट्रोक पडतो. तिथे दोन हातांची बटणं लावूनही भागत नाही, कारण बटणं सोडून हात डायमध्ये गेलेला असतो. गार्ड बसवा, आणि पार्ट काढायला चिमटा किंवा मॅग्नेट द्या, म्हणजे हात आत जायची वेळच येणार नाही. ती मशीन आहे तशीच ठेवून त्यांना हिंमत द्यायला जाऊ नका.

---

प्रेसशॉपवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. वैद्यकीय मंडळ झालेलं नाही, अर्ज या आठवड्यातच करतो. १८ टक्क्यांचा हिशोब कागदावर मांडून आज संध्याकाळी दादांच्या घरी जातोय, वहिनींसमोरच दाखवीन. कामांचं पान लिहायला घेतलंय: सेटिंग, फर्स्ट पीस तपासणी, गेजिंग, डीबरिंग, स्टोअर, पॅकिंग. लिहिताना लक्षात आलं की सेटिंगमधलं अर्धं काम नजरेचं आणि कानाचं आहे, बोल्ट आवळायला हेल्पर देता येईल. मालकांपुढे हाच प्रस्ताव ठेवणार: पद सेटरचं, पगार तोच, सोबत एक शिकाऊ मुलगा.

टूलरूम, प्रेस की-क्लचचीच आहे. गार्ड लागेपर्यंत ती बंद ठेवा, असं आज लेखी दिलंय. जुन्या प्रेसला आत-बाहेर सरकणारा गार्ड बसवून देणारं कुणी भोसरी-चाकण भागात माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.