मदत हवी आहे: शिडाच्या बोटीत डिझेलऐवजी इलेक्ट्रिक मोटर, थ्रस्ट आणि रीजनचं कोडं

बोट ३० फुटी, वजन साडेचार टन. १८ एचपीचं डिझेल इंजिन आणि २.६:१ गिअरबॉक्स काढून ४८ व्होल्ट, १० किलोवॅटची मोटर २:१ बेल्ट रिडक्शनवर बसवायची आहे. बॅटरी २८० एएचच्या (अँपिअर-तास) १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची, म्हणजे साधारण १४ युनिट. ४ नॉटला २ किलोवॅट धरले आणि ८० टक्केच वापरली, तर साडेपाच तास मिळतात. तेवढे पुरे.

अडलंय ते थ्रस्टवर, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला पुढे ढकलतो त्या रेट्यावर. हा रेटा आतापर्यंत गिअरबॉक्स झेलत होता. तोच निघाला, तर रेटा झेलायला काही उरत नाही; मोटर बेल्टवर असल्याने शाफ्ट आणि त्यावरची पुली पुढे सरकेल. शाफ्टवर वेगळं थ्रस्ट बेअरिंग लावायचं, तर ते जुन्या इंजिन बेडवरच बोल्ट करावं की स्ट्रिंगरला (बोटीच्या तळाच्या लांब आधारपट्ट्यांना) आडवी पट्टी टाकून? बेड रबर माउंटवर ठेवला तर अलाइनमेंट टिकतं का?

दुसरं, शिडावर चालताना रीजन, म्हणजे पाण्याने प्रोपेलर फिरून मोटरने वीज बनवणं आणि बॅटरी भरणं. बॅटरी भरल्यावर बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) जोडणी अचानक तोडली, की मोटर फिरतच राहते, विजेला जायला वाट नसते, व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलर जळतो. कंट्रोलरमध्ये रीजनची मर्यादा ५५ व्होल्टवर लावणं पुरेसं आहे, की डंप लोडही (जास्तीची वीज उष्णतेत घालवणारा रेझिस्टर) हवा?

क्लास टी फ्यूज, प्रीचार्ज रेझिस्टर आणि १२ व्होल्टसाठी डीसी-डीसी कन्व्हर्टर यादीत आहेत, त्यामुळे त्यावर सल्ला नको. प्रोपेलर मात्र जुनाच, १५ बाय १० (इंचात व्यास आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे जाण्याचं अंतर), तीन पात्यांचा. तो बदलावा का?