विक्रीला काढलेली तऱ्हेवाईक घरं: जाहिरात कशी वाचता?

घुमटाकार घर, पाण्याच्या टाकीत थाटलेला संसार, जमिनीखालचं क्षेपणास्त्राचं कोठार... विक्रीच्या जाहिरातींत अशी घरं तासन्‌तास बघणाऱ्यांसाठी हा धागा. नुसते दुवे नकोत. फोटोत काय बघायचं, काय दाखवलेलं नसतं आणि त्या रचनेत नेमकं काय बिघडतं, ते लिहा.

*

फोटो बघण्याआधी फ्लोअर प्लॅन उघडा. फोटो बहुतेक वेळा वाइड अँगल लेन्सने, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून काढलेले असतात. चौकटीच्या कडेला आलेला गोल दिवा लांबट दिसला की लेन्स ओळखावी. खरं माप हवं असेल तर फरशा मोजा. फरशीचा आकार ठरवायला शेजारी ओळखीची वस्तू शोधायची: समोरून उघडणारं वॉशिंग मशीन साधारण ६० सेंमी रुंद असतं. मशीनच्या रुंदीत एक फरशी बसत असेल आणि भिंतीलगत आठ फरशा असतील, तर खोली ४.८ मीटर. कॅमेऱ्याला समांतर असलेल्या भिंतीवरच मोजा, तिरप्या भिंतीवर हिशोब चुकतो.

मग प्लॅनमधल्या खोल्यांवर एकेक करून खूण करायची. जिचा एकही फोटो नाही, तिच्याबद्दल पहिला प्रश्न. बाथरूम आणि तळघर या यादीत सारखे सापडतात.

*

शोधायचं कसं, त्याबद्दल. ‘अनोखं’, ‘एकमेव’ असे शब्द टाकून काही हाती लागत नाही, ते एजंट कोणत्याही फ्लॅटला लावतात. बांधकामाचे शब्द टाका: घुमट, चर्च, पवनचक्की, कंटेनर, दीपगृह. प्रकारात ‘इतर’ निवडा, बेडरूम शून्य किंवा एक ठेवा, क्षेत्रफळाची किमान मर्यादा वाढवा आणि यादी सर्वांत जुन्या जाहिरातीपासून लावा. चौकटीत न बसणारी घरं तिथेच साचतात.

‘फक्त रोखीने खरेदी’ असं लिहिलेलं असेल तर थांबून वाचा. बरेचदा त्याचा अर्थ एवढाच, की बांधकाम रूढ पद्धतीचं नसल्याने किंवा अवस्था वाईट असल्याने बँका कर्ज देत नाहीत. पुढे विकतानाही तीच अडचण येणार.

*

घुमटांवर सविस्तर लिहायला हवं, कारण जाहिरातीतलं क्षेत्रफळ इथे सर्वांत जास्त फसवतं. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना जिओडेसिक घुमटाचं, म्हणजे त्रिकोणांच्या जाळ्यातून उभारलेल्या घुमटाचं, पेटंट १९५४मध्ये मिळालं. कमी सामानात मोठी जागा झाकणारी ती रचना खरोखर सुंदर आहे. पण हिशोब करून बघा. १० मीटर व्यासाचा अर्धगोल घ्या. तळमजला ७८.५ चौ. मी. वर २.५ मीटर उंचीवर माळा टाकला, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ५९ चौ. मी. भरतं, आणि जाहिरातीत तेच छापून येतं. डोक्यावर किमान दीड मीटर मोकळी जागा हवी असं धरलं, तर त्यातले २८ चौ. मी. उरतात. तळमजल्यावरसुद्धा १.८ मीटर उंचीचं सपाट कपाट भिंतीपासून निदान ३४ सेंमी पुढे ठेवावं लागतं.

आता गळती. त्रिकोणी पॅनेलचे सांधे भरपूर, आणि वरच्या भागात ते जवळजवळ आडवे. ऊन-थंडीने पॅनेल हलतात, सांध्यातलं सीलंट सुटतं. आतल्या फोटोंत शिरोबिंदूपाशी, जिथे पाच-सहा त्रिकोण मिळतात तिथे, पिवळट डाग किंवा ताजा रंग शोधा. बाहेरून सगळा घुमट शिंगल्सनी (छतावर एकावर एक बसवायच्या चपट्या तुकड्यांनी) किंवा जाड लेपाने झाकलेला असेल, तर ते काम कधी आणि कशासाठी केलं हे विचारायलाच हवं.

*

कंटेनर-घरांबद्दल भर घालते. जहाजावरच्या मालवाहू कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. दोन्ही बाजूंना ७.५ सेंमी इन्सुलेशन आणि सव्वा सेंमी जिप्सम बोर्ड लावला की उरले २.१७. दोन मीटरचा पलंग आडवा टाकला तर पायथ्याशी १७ सेंमी.

भार कोपऱ्यांच्या खांबांवर जातो, पण नालीदार पत्र्याची भिंतही सांगाड्याला ताठ ठेवते. मोठी काचेची खिडकी कापलेली दिसली तर तिच्याभोवती पोलादी चौकट आहे का बघा. ती नसेल तर वरची कड खाली झुकते आणि सरकती दारं अडकायला लागतात. दुसरं म्हणजे घाम. घरातली दमट हवा थंड पत्र्यापर्यंत पोचली की पाणी धरते, आणि ते बोर्डामागे असल्याने दिसत नाही. पत्र्याला थेट चिकटणारा स्प्रे फोम असेल तर धोका कमी, लोकरीसारखं तंतुमय इन्सुलेशन भरलेलं असेल तर जास्त.

*

क्षेपणास्त्रांची कोठारं: अमेरिकेत ॲटलास-एफ या क्षेपणास्त्राची ७२ बांधली गेली, प्रत्येक सुमारे ५३ मीटर खोल आणि १६ मीटर व्यासाचं. १९६५मध्ये ती सेवेतून काढली. पंप बंद पडल्यावर अनेकांत भूजल भरलं. जाहिरातीत सजवलेल्या गोल खोल्या दिसतात, त्या बहुधा बोगद्याने जोडलेल्या दोन मजली नियंत्रण केंद्राच्या. क्षेपणास्त्र ठेवायच्या मूळ खोल विहिरीचा फोटो मागा. पाण्याची पातळी, उपशाच्या पंपाची वीज आणि ट्रायक्लोरोएथिलीनसाठी (धातू साफ करायचं विषारी रसायन) भूजलाची तपासणी, हे तीन प्रश्न लेखी विचारा. काही तळांवर ते रसायन भूजलात सापडलेलं आहे.

*

पाण्याची टाकी, दीपगृह, पवनचक्की यांत आधी जिना बघायचा. गोल जिन्याची रुंदी ७० सेंमीच्या आसपास असेल तर सोफा, गादी, फ्रिज वर जाणार कुठून? वरच्या मजल्यावर मोठं फर्निचर दिसत असेल तर ते खिडकीतून चढवलं, की जागेवरच बांधलं, हे विचारा. जागेवर बांधलं असेल तर ते विक्रीत धरलंय का, तेही. आणि इमारत वारसा यादीत असेल तर ती खिडकी रुंद करायलाही परवानगी लागते.