शब्दचर्चा : ‘माते’ची चव मराठीत लिहिताना

कडूजिरं
अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतातल्या येर्बाची, म्हणजे ‘माते’ या दक्षिण अमेरिकी पेयाच्या वाळवलेल्या पाल्याची, दोन पाकिटं समोर आहेत. एक कारखान्यात गरम हवेवर वाळवलेली, साधी. दुसरी ‘बार्बाकुआ’, म्हणजे लाकडाच्या विस्तवावर जुन्या पद्धतीने सावकाश वाळवलेली. दोन्हींची चव घेऊन मराठीत टिपण लिहायचं आहे. लिहायला बसलो तर प्रत्येक ओळीत ‘कडू’ येऊन बसलं. स्पॅनिश बोलणाऱ्यांकडे आमार्गो (शब्दशः कडू), सुआवे (हलका), आउमादो (धूर दिलेला) असे वेगवेगळे शब्द आहेत. त्यांची ‘लावादो’ नावाची एक तक्रारही असते, तिला तर मला काहीच सापडेना. सुचवा मंडळी.

उच्चाराचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर चर्चा तिथेच अडकेल. स्पॅनिशमधला ‘त’ दंत्य आहे, म्हणून ‘माते’. ‘मॅटे’ नको, आणि ‘माटे’ हे आडनाव झालं. वाचताना आता आरती सुरू होणार असं वाटतं, त्याला इलाज नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला ‘माती’ हा शब्द भोपळ्याच्या पात्राचा. पात्राचं नाव पुढे पेयाला चिकटलं. येर्बा म्हणजे त्यात भरायचा वाळवलेला पाला. झाडाचं शास्त्रीय नाव इलेक्स पाराग्वारिएन्सिस, ते सेंट-इलेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२२ साली दिलं. चहाशी त्याचं काही नातं नाही.

ला_प्लाताकाठ
शब्दांचं नंतर बघू, आधी चव कशी घेताय ते सांगा. नाहीतर भरण्यातली चूक येर्बाच्या नावावर लिहाल. ब्वेनोस आयरेसमध्ये राहून मला एवढं तरी कळलंय.

पात्र पाऊण भरायचं, तोंडावर तळवा दाबून उलटं करायचं आणि हलवायचं. तळव्याला हिरवी पूड चिकटते, ती ‘पोल्वो’. मग पात्र तिरपं धरायचं, म्हणजे पाला एका अंगाला चढतो आणि दुसऱ्या अंगाला खळगा राहतो. खळग्यात थोडं कोमट पाणी घालून ते पाल्याला पिऊ द्यायचं. त्यानंतर बोम्बीज्जा, म्हणजे खाली गाळणी असलेली धातूची नळी, वरच्या टोकावर अंगठा धरून खोचायची आणि पुन्हा म्हणून हलवायची नाही. पाहुण्याने ती ढवळली की यजमानाचा चेहरा बघण्यासारखा होतो. पाणी ७० ते ८० अंशांचं. उकळतं ओतलंत तर इथले लोक ‘येर्बा जाळली’ म्हणतात: सुरुवातीला जहाल कडू आणि पुढे काहीच नाही.

पहिला माते भरणाराच पितो. त्यात पूड जास्त असते, त्यामुळे तो सगळ्यात उग्र. त्यावरून मत बनवू नका, खरी चव तिसऱ्या-चौथ्या पाण्याला कळते. फेसावरही नजर ठेवा. रिठ्याला फेस आणणारी सॅपोनिनं या पाल्यातही असतात. बारीक, टिकणारा फेस म्हणजे अजून दम आहे. फेस मेला की चवही चालली.

झाडपाला
तुमच्या प्रत्येक ओळीत ‘कडू’ येतंय, कारण दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातायत. कडू ही चव आहे. तुरट हा बराचसा स्पर्श आहे: पाल्यातली पॉलिफेनॉलं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, तोंडातला बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. घोट गिळा, जरा थांबा, जीभ टाळूवरून फिरवा. खरखरलं तर तुरट. काहीच खरखरलं नाही, पण घशाशी चव रेंगाळली, तर ते कडू. कारलं आणि कच्चं केळं यांत आपण गल्लत करत नाही, मग मातेतच का करायची?

कृपा करून ‘तिक्त’ लिहू नका. आयुर्वेदाच्या सहा रसांत ‘कटु’ म्हणजे मिरी-सुंठीची तिखट चव, ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबाची कडू आणि ‘कषाय’ म्हणजे हिरड्याची तुरट. आपला ‘कडू’ आला त्या ‘कटु’वरूनच, पण येता येता अर्थ सरकला. ‘तिक्त’ वाचून अर्ध्या वाचकांना मिरची आठवेल.

शिवाय कडूच्या पायऱ्या आपल्याकडे आहेतच की. ‘कडसर’ म्हणजे थोडंसं, हवंहवंसंही असू शकतं. ‘कडवट’ला नापसंतीचा वास आहे, तोंड कडवट झालं असं आपण तापात म्हणतो, मेथीच्या भाजीबद्दल नाही. त्यावर ‘कडू’ आणि सगळ्यात वर ‘कडूजहर’. ‘आमार्गो’ तर बहुतेक वेळा साखर न घातलेला एवढ्याच अर्थाने येतो, तिथे ‘बिनसाखरेचा’ लिहून मोकळे व्हा.

कडूजिरं
जीभ टाळूवर फिरवून पाहिली. साधी येर्बा आधी कडसर लागते आणि गिळल्यावर चांगलीच तुरट होते. बार्बाकुआ कमी तुरट, पण मागे धूर राहतो. ‘आउमादो’ला ‘धुरकट’ चालेल?

चुलीपाशी
‘धुरकट’ माझ्या कानाला दोषच वाटतो. दूध तापवताना धूर लागला की आजी ‘धुरकटलंय’ म्हणून बाजूला ठेवायची. इथे धूर मुद्दाम दिलेला आहे. नुसतं ‘धुराचा वास’ लिहा, साधं आणि खरं. आणि ‘करपट’ वेगळा ठेवा. मला वाटतं या पाल्याला दोनदा विस्तव भेटतो ना?

ला_प्लाताकाठ
हो. खुडल्यापासून २४ तासांच्या आत पाला काही सेकंद ज्वाळेतून काढतात, त्याला ‘सापेकादो’ म्हणतात. त्याने पान काळं पडायचं थांबतं. पुढचं वाळवणं वेगळं, बार्बाकुआचा धूर तिथला. त्यामुळे तुमचा भेद कामाचा आहे: सापेकादोत पान जळलं तर ‘करपट’, वाळवताना मुरला तो ‘धूर’. पहिला दोष, दुसरा आवडीचा भाग.

त्यानंतर पाला जाडसर कुटून मुरायला ठेवतात, नैसर्गिक पद्धतीत साधारण ९ ते २४ महिने. हिरवा रंग पिवळसर होतो, कच्चा गवताचा वास जातो. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुलमध्ये नेमकं उलटं: तिथे पाला ताजा, हिरवागार आणि पिठासारखा बारीक हवा. त्यांच्या पेयाचं नाव ‘शिमारांव’. अर्जेंटिनाची मोजपट्टी लावून त्याला ‘कच्चा’ म्हणू नका.

झाडपाला
मुरवलेल्या येर्बाला ‘जुनी’ म्हणावं, जुन्या तांदळासारखं. तिथे ‘जुना’ ही स्तुती आहे.

कडूजिरं
तांदळाला शोभतं. ‘जुनी येर्बा’ वाचून लोक पाकीट परत करतील. मी ‘मुरवलेली’ घेतो.

चुलीपाशी
मुरायला ओल लागते, लोणचं मुरतं, मोरांबा मुरतो. कोरडा पाला कसा मुरेल?

कडूजिरं
माणूसही नोकरीत मुरतो, त्याला कुठे ओल लागते. ‘मुरवलेली’च.

आता ‘लावादो’. शब्दशः ‘धुतलेला’. बरीच पाणी घालून झाली, फेस गेला, चव गेली, तरी माणूस ओततोच आहे, त्या अवस्थेचं नाव. ‘पाणचट’ घ्यावा का?

चुलीपाशी
पाणचट पहिल्यापासून असतं, दुधात पाणी घातल्यावर. इथे आधी चव होती आणि मग गेली. ‘उतरलेला’ सुचेल कोणाला, तर नको. भाजी उतरली म्हणजे ती आंबली, फेकायची. ‘मचूळ’ पाणी वेगळं, त्याला स्वतःची एक वाईट चव असते. मी म्हणेन ‘फिका पडला’. आणि पात्रातल्या पाल्याबद्दल बोलायचं तर ‘चोथा झाला’.

ला_प्लाताकाठ
‘फिका पडला’ झकास. त्यात हळूहळू पडणं आहे. मूल्यमापनातही हे हवंच: किती पाण्यांनंतर फिका पडतो, यावरून इथे लोक येर्बा जोखतात. पाकिटावरची ‘कोन पालो’ आणि ‘सिन पालो’ ही नोंदही टिपणात घ्या. पालो म्हणजे देठ-काड्या, ‘कोन’ म्हणजे सह, ‘सिन’ म्हणजे विना. अर्जेंटिनाच्या अन्नसंहितेनुसार ‘कोन पालो’त किमान ६५ टक्के पानं असावी लागतात, बाकी काड्या चालतात. काड्या जास्त असल्या की पेय मवाळ. ‘सुआवे’ला हाच शब्द वापरा, मवाळ. ‘सौम्य’ म्हटलं की खोकल्याचं औषध आठवतं.

मिरजवाला
उशिरा आलो. ज्या भोपळ्याचं हे पात्र करतात तो आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचा, लाजेनारिया सिसेरारिया. तंबोऱ्याचा भोपळाही तोच, म्हणून कान टवकारले. आमच्याकडे भोपळा चांगला वाळवून, आतला गर खरवडून मग वापरतात. मातेच्या पात्राचं काय करतात? आणि त्याची चव पेयात उतरते का?

ला_प्लाताकाठ
उतरते, पहिले काही दिवस. म्हणून नव्या पात्राला ‘कुरार’ करतात: वापरलेला ओला पाला भरून एक-दोन दिवस ठेवायचा, मग आतून सुटलेला गर चमच्याने खरवडायचा. तेवढं न करता चव घेतलीत तर टिपणात भोपळा येईल, येर्बा येणार नाही. दोन येर्बांची तुलना करायची असेल तर भोपळा सोडाच, काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या. भोपळा आधीच्या येर्बाची चव धरून ठेवतो.

झाडपाला
‘कुरार’ला शब्द तयार आहे, नवा तवा आपण ‘वळणावर आणतो’ ना?

मिरजवाला
तवा वळणावर आणतात, मूलही. भोपळ्याला चालेल.

कडूजिरं
शेवटचा अडला आहे तो ‘सेबार’. माते करून इतरांना देत राहायचं, ते काम. करणारा ‘सेबादोर’. एकाच पात्रात तोच पुन्हा पुन्हा पाणी घालतो, एकेकाच्या हाती देतो, रिकामं झालं की परत घेतो. घोळक्यात कोणी ‘ग्रासिआस’ म्हटलं की त्याला पुढचा मिळत नाही, आभार म्हणजे ‘मला पुरे’.

चुलीपाशी
चिलीम ‘भरतात’. एकजण भरतो आणि ती फिरते. माते भरणे, माते भरणारा.

ला_प्लाताकाठ
‘सेबार’चा दुसरा अर्थ जनावराला खाऊ घालून पुष्ट करणं असाही आहे. त्यामुळे माझं मत ‘पाजणे’ला.

चुलीपाशी
पाजणं बाळाचं किंवा दारूचं. ‘त्याने मला माते पाजला’ म्हटलं की पुढचं वाक्य पोलिस ठाण्यातलं वाटतं.

कडूजिरं
मग ‘भरणे’. बार्बाकुआचं टिपण सध्या असं झालंय: “धुराचा वास ठळक, करपट नाही. आधी कडसर, मागाहून किंचित तुरट. काड्या बऱ्याच, म्हणून मवाळ. फेस आठव्या पाण्यापर्यंत टिकला, दहाव्याला फिका पडला.”

झाडपाला
‘माते’ पुल्लिंगी आणि ‘येर्बा’ स्त्रीलिंगी ना? मग फिका कोण पडला ते लिहा. वाक्यात कर्ता नाही.