बर्फात चढउतार करायला बूट: तुमच्या फजित्या सांगा

काल माळा आवरताना जुने ट्रेकिंगचे बूट सापडले. जेमतेम दोनदा घातलेले. पाय घालून खोलीत चार पावलं टाकली तर मागे काळ्या चुऱ्याची रांगोळी आणि डावा सोल हातात! वरचं चामडं अगदी नवं. सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा (फोमसारखं प्लास्टिक) असला की हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो म्हणे, बूट नुसते खोक्यात ठेवले तरी. पण खरी आठवण आली ती त्यांच्या पहिल्या उताराची. दुकानात सपाट फरशीवर चालून "मस्त बसलेत" म्हणून घेतले, चढताना काहीच त्रास नाही आणि उतरायला लागल्यावर बोटं पुढे आपटून आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. वॉटरप्रूफ होते, गरम होते, फक्त पुढे बोटभर जागा नव्हती. आता नवीन घ्यायचेत, बोला.

---

नखं राहिली का गेली? माझं गेलं, पूर्ण यायला वर्षाच्या वर लागलं. संध्याकाळी जा खरेदीला, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. आणि बर्फात घालणार तेच मोजे घालून बघायचे.

---

मोज्यांचं बोलूच नका. मी थंडी वाजेल म्हणून दोन जोड कोंबले, बूट इतके आवळले की रक्तच फिरेना, सगळ्यांत गार पाय माझेच. एकच जोड, लोकरीचा, आणि आत बोटं हलली पाहिजेत. सुती मोजे एकदा घामाने भिजले की गेलात.

---

माळा आवरून झाला का पण? आमचा दोन वर्षं राहिलाय 😄

---

माझे बूट एकदम वॉटरप्रूफ हो. गुडघाभर बर्फात पाय गेला, बर्फ वरून आत, वितळला, आणि पाणी बाहेर कुठून जाणार? दिवसभर पचक पचक. गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत बांधायचं कव्हर) घ्या दादा, बूट कितीही भारी असू देत.

---

वरच्या ताई, सेम! मी तर ते ओले बूट हीटरला चिकटवून ठेवले, सकाळी सोलचा गोंद सुटलेला. आता आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबते, दोनदा बदलते.

---

सोलवरून आठवलं, पूर्वी गिर्यारोहक बुटांना लोखंडी खिळे ठोकायचे. १९३५ साली आल्प्समध्ये इटलीचे गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा साथीदार दगावले, बूट धड नसणं हे त्यातलं एक कारण, मग त्यांनी १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी सोल आणला, तोच व्हिब्रम. पण कडक बर्फाच्या काचेवर रबर कुठलंही असो, घसरणारच. मी "सोल भारी आहे" म्हणून स्पाइक्स (बुटाखाली बांधायचे टोकदार खिळे) बॅगेतच ठेवले आणि अख्खा उतार बसून उतरलो.

---

पँटचं काय झालं? 🤣

---

विचारू नका.

---

टाच उचलली जाते का तेपण बघा. चढताना टाच वर-खाली झाली की फोड आलाच. घोट्याजवळ लेस दोन वेढे देऊन आवळायची आणि पंजावर सैल ठेवायची, माझं त्यानेच भागलं.

---

सगळ्यांचे आभार. संध्याकाळी जातोय, लोकरीचे मोजे बॅगेत टाकलेत.

---

नखं कापून जा.