चालू खातं: तूट असताना थायलंड बरा, आधिक्य आलं तेव्हा आजारी?

तन्वी_अ
चालू खात्याच्या शिल्लकीवर (देशाची बाहेरून होणारी कमाई वजा बाहेर जाणारा खर्च) एक तक्ता करते आहे आणि थायलंडपाशी अडले आहे. १९९६ मध्ये तूट जीडीपीच्या सुमारे ८ टक्के, जुलै १९९७ मध्ये तिथलं चलन, बाट, कोसळलं. इथपर्यंत कळतं. पण १९९८ मध्ये खातं थेट १२ टक्क्यांच्या वर आधिक्यात, आणि त्याच वर्षी अर्थव्यवस्था ७ टक्क्यांहून जास्त आक्रसली! तूट म्हणजे दुबळेपणा नि आधिक्य म्हणजे ताकद, असंच आम्हाला शिकवलंय. उलट नॉर्वेची १९७७ ची तूट दहा टक्क्यांच्याही वर होती, तरी तो देश तरला. मग हा आकडा वाचायचा तरी कसा?

जमाखर्च
तन्वी, मी बरीच वर्षं बँकेत परकीय चलनाचं काम केलं आहे. नुसतं चिन्ह बघून देशाला शाबासकी देणारे लोक पाहिले की मला आजही राहवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९८ चं ते आधिक्य कमाईचं नव्हतं. डॉलरमध्ये मोजलं तर थायलंडची निर्यात त्या वर्षी वाढलीच नाही. आयात मात्र जवळपास एक तृतीयांशाने घटली. यंत्रं मागवणं थांबलं, इमारती अर्धवट राहिल्या. चालू खातं म्हणजे देशाची बचत वजा देशातली गुंतवणूक. गुंतवणूकच कोसळली की बाकी आपोआप अधिकची होते. त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही.

आता त्याआधीची तूट. तूट म्हणजे बाहेरच्यांचा पैसा आत येतोय. तो कशात गेला आणि कोणत्या रूपात आला, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. नॉर्वेचा पैसा उत्तर समुद्रातल्या तेलात गेला. तेच तेल पुढे परकीय चलन मिळवून कर्ज फेडणार होतं. थायलंडने १९९३ मध्ये बँकांना परदेशातून कर्ज आणून देशात देण्याची वाट मोकळी केली. त्यातलं पुष्कळसं अल्प मुदतीचं, डॉलरमधलं, आणि त्याचा मोठा वाटा बँकॉकच्या बांधकामांत मुरला. आता हिशेब करा: बिल्डरने १० लाख डॉलर उचलले तेव्हा डॉलर २५ बाटच्या आसपास, म्हणजे देणं अडीच कोटी बाट. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५० च्या पुढे गेला, देणं पाच कोटींच्या वर. भाडं मात्र बाटमध्येच येणार, तेही गाळा भरला तर.

सरकारचा अर्थसंकल्प त्या काळात शिलकी होता, त्यामुळे अनेक जण निर्धास्त राहिले. कर्ज खासगी असलं तरी बुडाल्यावर ते सगळ्या देशाच्या गळ्यात पडतं, हे तेव्हा फारच थोड्यांनी बोलून दाखवलं.

दक्षिणवारा
सहमत, पण चलनाची बाजू आणखी ठळक करायला हवी. ऑस्ट्रेलियाचं चालू खातं १९७५ पासून २०१९ पर्यंत जवळपास सतत तुटीत होतं. तरी थायलंडसारखा प्रसंग आला नाही, कारण १९८३ पासून त्यांचा डॉलर तरता आहे, म्हणजे दर बाजारात ठरतो, आणि बाहेरची देणी बहुतांशी स्वतःच्या चलनात किंवा विनिमयाची जोखीम झाकून घेतलेली. दर घसरला तरी कर्ज फुगत नाही.

तन्वी_अ
दोघांचे आभार, बरंच उलगडलं. मग तक्त्यात व्यापार तुटीचा रकाना ठेवला तर पुरेल का?

जमाखर्च
नाही पुरणार. माल, सेवा, परदेशी गुंतवणुकीचं व्याज-लाभांश, आणि बाहेर गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा, असे चारही भाग वेगळे मांडा. फिलिपिन्सची मालाच्या व्यापारातली मोठी तूट या शेवटच्या भागाने बरीच भरून निघते.

आयर्लंड घेणार असाल तर सावध. २०१९ मध्ये तिथे प्रचंड तूट दिसते, पण ती बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा (पेटंट वगैरे) आपल्या आयरिश शाखांच्या नावावर आणल्यामुळे; हिशेबात ती आयात धरली जाते. तिथलं सांख्यिकी कार्यालय म्हणूनच चालू खात्याचा वेगळा, सुधारित आकडाही देतं. तोच घ्या.

आणि शेजारी आणखी दोन रकाने हवेतच: अल्प मुदतीचं बाह्य कर्ज आणि गंगाजळी, म्हणजे देशाकडचा परकीय चलनाचा साठा. थायलंडच्या ओळीत १९९६ चे हे दोन आकडे भरून बघा, मग इथे परत लिहा.