पगार बिर्रमध्ये, बचत कशात? आफ्रिकेत गेलेल्या आपल्या साखरवाल्यांसाठी चर्चा

मांजराकाठ (लातूर)

आपल्याकडचे कारखान्यातले लोक आफ्रिकेत जाणं आता नवं राहिलेलं नाही. माझा धाकटा भाऊ इथिओपियात शिफ्ट केमिस्ट आहे. नवा करार आलाय: निम्मा पगार डॉलरमध्ये इथल्या खात्यावर, निम्मा तिथल्या चलनात, बिर्रमध्ये. एजंटाचं म्हणणं, "बिर्र पडायचा तेवढा पडला. आता बँकेत टाका अन् व्याज खा." माझं मत नेमकं उलटं. किराणा, भाडं, फोन याला लागेल तेवढं बिर्रमध्ये असू द्यावं, त्यापुढं एक छदाम नको.

हिशेब मांडतो. जुलै २०२४ पर्यंत सरकारी भाव डॉलरला ५७ बिर्रच्या आसपास होता. २९ जुलैला भाव बाजारावर सोडला. तिथल्या सगळ्यात मोठ्या सरकारी बँकेनं त्याच दिवशी ७४ च्या वरचा दर लावला आणि पुढच्या काही आठवड्यांत शंभरी ओलांडली. ज्याच्या खात्यात पाच लाख बिर्र होते, त्याचे ८,७०० डॉलर होत होते, ते ५,००० वर आले. खात्यातला आकडा मात्र तसाच! ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाचे ३५,००० बिर्र, म्हणजे नव्या भावानं साडेतीनशे डॉलर. शिवाय २०२२ मध्ये तिथली महागाई ३० टक्क्यांच्या पुढं होती. म्हणजे भाव कोसळायच्या आधीच व्याज तोट्यात होतं.

देवगिरीचा_वारा (छ. संभाजीनगर)

तुमचं गणित बरोबर, पण ते घसरणीच्या आधी पैसे ठेवणाऱ्याचं. प्रश्न आज ठेवावं का, हा आहे.

इजिप्त बघा. ६ मार्च २०२४ ला तिथला पौंड डॉलरला ३१ वरून एकदम ५० च्या घरात गेला. सरकारी बँकांनी त्याच महिन्यात पहिल्या वर्षाला ३० टक्के देणारी प्रमाणपत्रं (आपल्या मुदत ठेवीसारखी) काढली. ज्यांनी ५० च्या भावानं पैसे घातले, त्यांच्यासाठी वर्षभरानंही भाव ५०-५१ च होता. डॉलरमध्ये मोजलं तरी पंचवीस टक्क्यांच्या पुढं सुटले. आपल्या कुठल्या बँकेत हे मिळतं? सोयाबीन थप्पीला लावून भावाची वाट बघणाऱ्यांनी जोखमीला एवढं घाबरावं म्हणजे कमाल आहे.

सिंदफणा (बीड)

भाऊ, सोयाबीन कधीबी आडतीवर नेऊन ओतता येतं. भाव पडका मिळंल, पण रोख मिळते. बिर्र कुठं ओतायचा? आपली बँक बिर्र घेत नाही. एफसीएनआर, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांची आपल्या बँकेतली परकी चलनातली ठेवसुद्धा मोकळेपणानं बदलता येणाऱ्या चलनातच होते. तिथल्या बँकेत अर्ज टाकायचा, कामाचा परवाना, कर भरल्याचा कागद दाखवायचा, अन् बँकेकडं डॉलर असतील तर नंबर लागायचा.

आणि इजिप्तची अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. त्याच सरकारी बँकांनी जानेवारी २०२४ मध्ये २७ टक्क्यांची एक वर्षाची प्रमाणपत्रं विकली होती. तेव्हा सरकारी भाव ३१. एक लाख पौंड म्हणजे सुमारे ३,२०० डॉलर. वर्षानं हातात आले १,२७,००० पौंड, त्याचे झाले २,५०० डॉलर. दोन महिन्यांच्या फरकानं एकाचा फायदा, दुसऱ्याची माती. तुमचा केमिस्ट पगार झाला की पैसे ठेवणार, महिना निवडून नव्हे.

देवगिरीचा_वारा

जानेवारीत तिथला काळा बाजार डॉलरला ६० च्या वर मागत होता. एवढी दरी दिसत असताना ३१ वर विश्वास ठेवणाऱ्याची कीव का करायची? इथिओपियातही २०२४ च्या आधी बाहेरचा भाव सरकारीच्या दुप्पट होता. म्हणून तर म्हणतो, दरी मिटली की धोका उतरतो.

मांजराकाठ

दरीची खूण मला मान्य. पण "मिटली" कशावरून? इथिओपियात २०२४ मध्ये शंभरी ओलांडली, तेव्हाही हेच म्हणत होते. २०२५ मध्ये सरकारी भाव १३० च्याही पुढं गेला. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये १५ टक्क्यांनी अवमूल्यन झालं होतं, तेव्हाही आता झालं म्हणून लोक निवांत झाले होते. इजिप्त थांबला, इथिओपिया थांबला नाही. आधी कोण सांगणार होतं?

गोदातीर (नांदेड)

सगळे रुपयाला सोनं समजून बोलायलेत. मी सौदीत नोकरी केली. २०११ च्या सुमाराला डॉलर ४५ ला होता, २०२४ मध्ये ८३-८४ ला. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला. ज्यांनी पगार तिथंच ठेवला ते जिंकले. घाईनं गावाकडं पाठवून प्लॉट घेतलेल्यांचं सोडा, प्लॉट वाढले. बँकेत रुपये ठेवणाऱ्यांना विचारा.

सिंदफणा

काका, रियालमागं तेल आहे. बिर्रमागं काय? बांधलेल्या भावाचं म्हणाल तर लेबनॉनचा पौंडही १९९७ पासून डॉलरला १,५०७.५ वर बांधलेला होता. २०१९ मध्ये बँकांनी हात आखडता घेतला अन् डॉलर खातेवालेसुद्धा अडकले. सरकारी भाव फेब्रुवारी २०२३ मध्ये १५,००० केला, तवर बाजार त्याच्या कितीतरी पुढं गेला होता. अर्जेंटिनात २००२ मध्ये डॉलरच्या ठेवी १.४० पेसोच्या भावानं पेसोत बदलल्या, अन् बाजारात डॉलर त्याच वर्षी ३ पेसोच्या वर. म्हणून नुसतं "डॉलरमध्ये ठेवा" एवढ्यानं भागत नाही, कुठल्या देशातल्या बँकेत तेही बघा.

कलदारवाले (परभणी)

मराठवाड्याला दोन चलनांचा अनुभव नवा नाही. निजामाच्या राज्यात हाली शिक्का (निजामाचा रुपया) चालायचा, ब्रिटिश हद्दीत कलदार (इंग्रजांचा रुपया). ७ हालीला ६ कलदार असा हिशेब. पोलीस कारवाईनंतर दोन्ही चालू होते, हाली १९५९ पर्यंत चालला. बदलायला वर्षं मिळाली, भाव ठरलेला, म्हणून लोक बुडाले नाहीत. त्याच्या उलट ६ जून १९६६. डॉलर ४.७६ वरून ७.५० झाला. त्या वेळी आखातातले काही देश आपल्याच रिझर्व्ह बँकेचा आखाती रुपया वापरत होते. एका रात्रीत त्यांच्या गाठीची किंमत गेली. कतार, दुबईनं त्याच वर्षी त्यातून अंग काढलं. परक्याच्या चलनात गाठ मारली की निर्णय परक्याच्या राजधानीत होतो. तेव्हा ती राजधानी आपली दिल्ली होती, एवढंच.

बालाघाट_९० (धाराशिव)

एवढा काथ्याकूट कशाला? हवालावाला गाठायचा. बिर्र तिकडं, रुपये इकडं, बाहेरच्या भावानं का असंना.

गोदातीर

हे नका सांगू पोरांना. फेमाखाली, म्हणजे आपल्या परकी चलनाच्या कायद्याखाली, ते बेकायदा आहे, दंड बसतो, अन् तिथं परदेशी माणूस अडकला तर आणखी पंचाईत. शिवाय हवाल्यानं आलेला पैसा उद्या प्लॉटच्या खरेदीत दाखवायचा कसा? पावती नसलेले दहा लाख ही पंचाईतच.

देवगिरीचा_वारा

हवाल्यावर माझंही तेच मत. पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. निम्मा पगार बिर्रमध्ये म्हणून करार सोडणार का? इथल्या कारखान्यांत हंगाम संपला की पगार किती महिने थकतो हे लातूरकरांना सांगायला नको.

मांजराकाठ

करार सोडायचा नाही, बदलून घ्यायचा. बिर्रमधला निम्मा पगार डॉलरच्या आकड्यात लिहून घ्यायचा आणि देताना त्या दिवशीच्या बँकेच्या भावानं बिर्र द्यायचे. मग भाव १३० असो की २००, किमान पगाराच्या तारखेपर्यंतची घसरण मालकाच्या अंगावर. उरलेले बिर्र त्याच आठवड्यात बदलायला अर्ज. दोन महिने नंबर लागला नाही तर पुढच्या महिन्यापासून बिर्रचा हिस्सा कमी करून मागायचा.

देवगिरीचा_वारा

मालक मान्य करील तेव्हा. त्याची साखर बिर्रमध्ये विकली जाते.

मांजराकाठ

मग घसरणीचा धोका त्यालाही कळतोय म्हणजे. एजंटाला आज हेच लिहून पाठवलंय. त्याचं उत्तर अजून नाही, पण "व्याज खा" हे वाक्य त्यानं परत म्हटलेलं नाही.